शिवेवरचा गुंठा

बागलाण तालुक्यात मोसम नदीच्या काठी वसलेल्या नामपूरचे नाव जिल्ह्याबाहेर ऐकू येते ते बहुधा कांद्याच्या भावासंबंधीच्या बातमीत. स्वतंत्र बाजार समिती, मोसम खोऱ्यातल्या गावांची बाजारपेठ, शाळा, दवाखाने, पतसंस्था आणि खते-औषधांची दुकाने यांमुळे या गावाने गाव आणि शहर यांच्या मधली अवस्था केव्हाच गाठली आहे. कारभार मात्र गावाचा आहे आणि कायदाही गावाचाच लागतो. मालेगाव, सटाणा, ताहाराबाद व साक्री या दिशांना जाणाऱ्या रस्त्यांच्या दुतर्फा जमिनीची जी अदलाबदल होते, तिचा अर्थ या अवस्थेतूनच लावावा लागतो. कालपर्यंत जेथे कांद्याची रोपे होती, तेथे आज चुन्याच्या रेषा आणि रोवलेले दगड दिसतात. उद्या तेथे एखादी कूपनलिका, पत्र्याची खोली आणि तिच्या पायरीपाशी उभी केलेली मोटारसायकल दिसू लागते. गावाची वेस अशा रीतीने पुढे सरकत जाते. तिची नोंद मात्र कोणत्याच नकाशावर वेळेवर होत नाही.

येथे भूखंड घेणारा माणूस कोण असतो, हे आधी पाहिले पाहिजे. कारण 'प्लॉटिंग' म्हटले की डोळ्यांपुढे धनदांडगा दलाल उभा राहतो आणि विचार तेथेच थांबतो. घेणारा बहुधा जिल्हा परिषदेचा शिक्षक असतो, एसटीचा वाहक असतो, व्यापाऱ्याच्या खळ्यावरचा मुनीम असतो, सैन्यातून निवृत्त होऊन आलेला जवान असतो किंवा अंबासन, जायखेडा अशा आसपासच्या गावातला, मुलांच्या शिक्षणासाठी बाजाराच्या गावी बिऱ्हाड करू पाहणारा शेतकरी असतो. त्याला बंगला बांधायचा नसतो. दोन खोल्या, एक न्हाणी, पुढे ओटा आणि जमल्यास मागे चार झाडे, एवढीच त्याची झेप. जुन्या गावठाणात त्याला जागा मिळत नाही. तेथली माती-लाकडाची घरे भावाभावांत वाटून इतकी अरुंद झालेली असतात, की एका ओसरीत तीन चुली मांडल्या जातात. बागलाणच्या शेतकऱ्याला मळ्यात राहण्याची सवय जुनी आहे, आणि शेतकऱ्याने आपल्या शेतात राहण्यापुरते घर बांधण्यास कायद्याचीही आडकाठी नव्हती. परंतु मळ्यातले घर आणि शिवेवरचा भूखंड यांत मूलभूत फरक आहे. पहिल्यात राहणारा त्या जमिनीचा धनी असतो. दुसऱ्यात राहणारा धनी आहे की नाही, हाच प्रश्न असतो.

विकणाऱ्याची बाजूही समजून घेण्याजोगी आहे. तेल्या रोगाने डाळिंबाच्या बागा गेल्या, तेव्हा या तालुक्यातली अनेक कुटुंबे कर्जात रुतली. कांद्याचे तर काही सांगावयासच नको. डिसेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारने कांद्याच्या निर्यातीवर बंदी घातली, ती मे २०२४ मध्ये उठवली. त्या मधल्या महिन्यांत चाळीतला माल विकून खर्च भागला नाही, अशी कैफियत साऱ्या कसमादे पट्ट्यातून ऐकू आली. अशा वेळी रस्त्याकडेचे दहा गुंठे विकून सोसायटीचे कर्ज फेडता येते, मुलीचे लग्न निघते आणि उरलेल्या शेतात विहिरीचे काम होते. पिकाच्या हिशेबाने जमिनीला जो भाव येतो, त्याच्या कितीतरी पट भाव ती जागा म्हणून विकली तर येतो. एवढा फरक समोर दिसत असताना शेतकऱ्याने शेतीच्या प्रेमाखातर तो नाकारावा, असा उपदेश करणाऱ्यांनी स्वतः कधी मार्केट यार्डात कांद्याची गाडी उभी केलेली नसते.

गरजू विकणारा आणि गरजू घेणारा समोरासमोर आहेत. व्यवहारही राजीखुशीचा आहे. मग अडते कोठे? अडते ते १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यापाशी. शेतजमिनीचे तुकडे पडत गेले तर शेती परवडत नाही, या रास्त चिंतेतून हा कायदा त्या वेळच्या मुंबई प्रांतात झाला. प्रत्येक भागासाठी प्रमाणभूत क्षेत्र ठरवावे, त्याहून लहान तुकडा पाडून विकू नये, विकल्यास व्यवहार रद्दबातल समजावा, अशी त्याची योजना. मूळ कायद्यात असा व्यवहार करणाऱ्याला दंड किती, तर फार तर अडीचशे रुपये! हे क्षेत्र पूर्वी तालुक्या-तालुक्यागणिक निराळे होते. ऑगस्ट २०२३ मध्ये राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांसाठी ते बागायतीला दहा गुंठे व जिरायतीला वीस गुंठे असे सरसकट ठरवण्यात आले. एक गुंठा म्हणजे १०८९ चौरस फूट. शिक्षकाला वा मुनिमाला लागते ती जागा एक गुंठ्याची, फार तर दोन गुंठ्यांची. कायदा त्याला सांगतो की, दहा गुंठे घे किंवा बिनशेती झालेल्या, मंजूर रेखांकनातल्या भूखंडाकडे जा. त्यातही तो शेतकरी नसेल, तर १९४८ च्या कूळकायद्याचे कलम ६३ आडवे येते आणि शेतजमीन म्हणून त्याला एक गुंठाही घेता येत नाही.

बिनशेती भूखंडाचा मार्ग कागदावर मोकळा आहे. मोजणी करावी, रेखांकन मंजूर करून घ्यावे, रस्ते सोडावेत, मोकळी जागा ठेवावी, आकार भरावा आणि मग भूखंड विकावेत. परंतु हे सारे करणाऱ्याचा वेळ जातो, पैसा जातो आणि जमिनीचा मोठा भाग रस्त्यांत व मोकळ्या जागेत जातो. एकत्रीकृत विकास नियंत्रण नियमावलीने सुमारे एकराच्या, म्हणजे ०.४ हेक्टरच्या वरच्या रेखांकनात दहा टक्के मोकळी जागा सांगितली आहे. परिणामी मंजूर भूखंडाचा भाव चढतो. आणि तेवढ्याच अंतरावर, बांधापलीकडे, काहीच न सोडता पाडलेला गुंठा कितीतरी स्वस्त मिळतो. राज्याने महसूल संहितेत अलीकडे सुधारणा करून गावठाणाच्या हद्दीपासून दोनशे मीटरांच्या आतील जमिनीला बिनशेतीच्या वेगळ्या परवानगीची अट शिथिल केली, हे चांगलेच झाले. मात्र त्यामुळे आकाराचा आणि कराचा प्रश्न सुटला. रस्ता कोण सोडणार आणि गटार कोण काढणार, हा प्रश्न जेथे होता तेथेच राहिला.

कायद्याने दार लावले की माणसे खिडकी शोधतात. येथे अशा खिडक्या तीन-चार आहेत आणि प्रत्येकीतून आत गेलेल्याची गत निराळी होते. पहिली सामाईक खरेदीची. दहा-बारा जणांनी मिळून दहा गुंठे एका खरेदीखताने घ्यायचे. सातबाऱ्यावर सगळ्यांची नावे लागतात. जागेवर मात्र प्रत्येकाने आपापला तुकडा दगड रोवून ठरवलेला असतो. हे ठरवणे आपसातले असते. सातबारा फक्त एवढेच सांगतो की, या गटात इतक्यांचा सामाईक हिस्सा आहे. कोणाचा तुकडा रस्त्याला लागून आणि कोणाचा मागच्या नाल्याशी, हे तो सांगत नाही. त्यातला एक जण वारला, त्याच्या वारसांनी मोजणी मागितली, की ओट्यापर्यंत बांधलेले घर दुसऱ्याच्या हिश्श्यात निघू शकते. दुसरी खिडकी नोटरीची. मुद्रांकावर 'साठेखत' लिहायचे, साक्षीदारांच्या सह्या घ्यायच्या, पूर्ण रक्कम द्यायची आणि ताबा घ्यायचा. तिसरी कुलमुखत्यारपत्राची. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये सूरज लँप प्रकरणात स्पष्ट सांगितले की, साठेखत, कुलमुखत्यारपत्र वा मृत्युपत्र यांच्या आधारे स्थावराची मालकी जात नाही. ती नोंदणीकृत खरेदीखतानेच जाते. निवाडा दिल्लीत झाला. शिवेवरचा व्यवहार मात्र अजूनही बाँडपेपरवरच पुरा होतो, कारण दुय्यम निबंधकाच्या कचेरीत ज्याची नोंदणी होत नाही त्याला घेणाऱ्यापाशी दुसरा उपाय नसतो.

या सर्वांत फसवा कागद कोणता असेल, तर तो ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा. घर उभे राहिले की ग्रामपंचायत त्यावर घरपट्टी बसवते. कर बसला की उतारा मिळतो. उताऱ्यावर नाव दिसते. विजेची जोडणी त्यावर मिळते, शिधापत्रिकेवरचा पत्ता बदलतो, आणि दहा वर्षांनी ते घर विकताना तोच उतारा 'मालकीचा पुरावा' म्हणून पुढे केला जातो. वस्तुतः तो कर आकारणीचा उतारा आहे. कर भरणारा आणि मालक हे एकच असतील असे तो कोठेही म्हणत नाही. सातबाराही शेवटी महसुलाचाच अभिलेख. त्यावरील नोंद खरी मानावी असे कायदा सांगतो, पण विरुद्ध पुरावा येईपर्यंतच. फेरफार झाला म्हणजे मालकी सिद्ध झाली नाही, हे न्यायालयांनी कितीदा तरी बजावले आहे. त्यापलीकडे जमिनीच्या पोटात दडलेले हक्क निराळेच. विकणाऱ्याच्या बहिणींनी हक्कसोड केली आहे काय? २००५ च्या दुरुस्तीने मुलीला वडिलार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा दिला, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये त्यासंबंधीच्या शंकाही दूर केल्या. जमीन भोगवटादार वर्ग दोनची तर नाही? बागलाणच्या पश्चिम पट्ट्यात तर आदिवासींच्या जमिनीचा प्रश्न असतो. ती बिगर आदिवासीकडे जाण्यावर महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ ची बंधने आहेत. विसार देणाऱ्या माणसाला यातले बहुतेक ठाऊक नसते. तो विचारतो ते भावाचे आणि पाण्याचे.

आता सरकारने काय केले, ते पाहू. जुलै २०२१ मध्ये नोंदणी महानिरीक्षकांच्या परिपत्रकाने प्रमाणभूत क्षेत्राहून लहान तुकड्यांच्या दस्तांची नोंदणी थांबवली. मे २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ते परिपत्रक रद्द केले. नोंदणी करणाऱ्या कचेरीत एक अर्थ आणि न्यायालयात दुसरा, अशा संभ्रमात लोक वर्षानुवर्षे राहिले. दरम्यान कायद्यातच क्षमेची सोय होत गेली, आणि तिचा क्रम पाहण्यासारखा आहे. २०१७ च्या दुरुस्तीने, विकास योजनेत वा प्रादेशिक योजनेत निवासी व तत्सम वापरासाठी दाखवलेल्या जमिनीवरचे तुकड्यांचे व्यवहार बाजारमूल्याच्या पंचवीस टक्क्यांपर्यंत रक्कम घेऊन नियमित करता येतील, असे ठरले. ही रक्कम फार आहे म्हणून लोक पुढे आले नाहीत. ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभेची निवडणूक तोंडावर असताना, ती पाच टक्क्यांवर आणण्यात आली. नोव्हेंबर २०२५ च्या अध्यादेशाने तीही गेली. १५ नोव्हेंबर १९६५ ते १५ ऑक्टोबर २०२४ या काळातले असे व्यवहार कोणतीही रक्कम न घेता नियमित मानण्याचे ठरले. पंचवीस, पाच, शून्य! ज्याने २०१८ मध्ये कायद्याचा मान राखून पंचवीस टक्के भरले, त्याला आज काय वाटत असेल याची कल्पना करणे कठीण नाही.

या क्षमेला सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. लाखो कुटुंबांच्या सातबाऱ्यावर 'तुकडेबंदी कायद्याविरुद्ध व्यवहार' असा शेरा होता किंवा त्यांचे नाव इतर हक्कात पडून होते. त्या घरावर त्यांना कर्ज मिळत नव्हते, विकायचे झाले तर गिऱ्हाईक अर्ध्या भावात मागत होते, आणि भाऊबंदकी निघाली तर न्यायालयात उभे राहायला पायाखाली कागद नव्हता. अशा कुटुंबाला त्याच्या घराचा धनी म्हणून मान्यता देणे हे राज्याचे कर्तव्यच होते. ते साठ वर्षे उशिरा पार पडले एवढेच. दोष आहे तो निराळा. राज्याने कागद नियमित केला. वस्ती नियमित केली नाही. ज्या गल्लीतून बैलगाडीही वळत नाही, ती सातबारा कोरा झाल्याने रुंद होत नाही. क्षमा देताना निदान रस्त्यापुरती जागा सोडण्याचा आग्रह धरता आला असता, भरलेल्या रकमेतून त्याच वस्तीची गटारे काढता आली असती. पंचवीस टक्के घेण्यात तो हेतू ठेवला असता आणि तो लोकांना दिसला असता, तर कदाचित ते पैसे भरलेही गेले असते. आता रक्कमही नाही आणि रस्ताही नाही.

नामपूरसारख्या नदीकाठच्या गावात हे दुखणे अधिक गंभीर आहे. मोसम, आरम, पांझरा या नद्यांवरचे जुने बंधारे आणि त्यांवरची फड पद्धत ही महाराष्ट्राच्या जलव्यवस्थेतली अभिमानास्पद गोष्ट. बंधाऱ्यातून पाट काढायचा, शिवाराचे फड पाडायचे, एका फडात एका हंगामी एकच पीक घ्यायचे आणि पाणी ज्याच्या त्याच्या पाळीने द्यायचे, पाटकऱ्याने त्यावर लक्ष ठेवायचे. कोणा एकाच्या मर्जीने तेथे काही होत नसे. गाव नदीकाठी आणि पाटाची जमीनही नदीकाठी, त्यामुळे गाव पसरू लागले की पहिला घास जातो तो सर्वांत चांगल्या बागायतीचा. तुकडेबंदीचा कायदा शेती वाचवण्यासाठी झाला होता. त्याने खडकाळ माळ आणि पाटाखालची काळी जमीन यांत घरांसाठी कोणती द्यावी, याचा विचार केला नाही. पाटाची चारी बुजवून तिच्यावर भराव टाकला, की खालच्या शेतकऱ्याचे पाणी तुटते आणि वरच्या वस्तीत पावसाळ्यात पाणी तुंबते. नाले बुजवणाऱ्याला हे ठाऊक नसते असे नाही. तोपर्यंत भूखंड विकले गेलेले असतात.

पुराचेही तसेच. पंचवीस वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची निळी रेषा आणि शंभर वर्षांतल्या पुराची लाल रेषा आखून निळ्या रेषेच्या आत बांधकामास मज्जाव करण्याचा नियम राज्यात आहे. मोसम बाराही महिने दुथडी वाहणारी नदी नाही. वरच्या बाजूला हरणबारीचे धरण असल्याने उन्हाळ्यात तिच्या पात्रात मुले क्रिकेट खेळतात, आणि म्हणूनच तिच्या काठची जागा निर्धास्त वाटते. कोरड्या नदीकाठी घर बांधणाऱ्याला पूररेषेचा नकाशा कोणी दाखवत नाही. खरेदीखताच्या चतुःसीमेत 'पूर्वेस नदी' एवढेच लिहिलेले असते.

पिण्याच्या पाण्याचा हिशेबही असाच. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जलजीवन मिशनने दरडोई रोज ५५ लिटर पाणी नळाने देण्याचे ठरवले. योजनेची आखणी करताना जी वस्ती कागदावर नव्हती, तिच्यापर्यंत नळ जाण्याची वाट लांबची. मग प्रत्येक गुंठ्यात एक कूपनलिका आणि तिच्यापासून वीस-पंचवीस फुटांवर शौचखड्डा, ही आपल्या गावोगावच्या नव्या वसाहतींची ओळख होऊन बसली आहे. घर पक्के, रंगीत, समोर तुळशीवृंदावन. आणि घरातले मूल दर पावसाळ्यात पोटाने आजारी.

सर्वांत मोठी विसंगती आहे ती गरिबाच्या घरकुलाची. बेघर कुटुंबाला घरासाठी अनुदान मिळते, पण घर उभे करायला जागा नाही, हे ध्यानात आल्यावर राज्याने जागा खरेदीसाठी अर्थसाहाय्याची योजना आणली. पाचशे चौरस फुटांपर्यंतच्या जागेसाठी आधी पन्नास हजार, पुढे एक लाख रुपयांपर्यंत. पाचशे चौरस फूट म्हणजे अर्धा गुंठाही नव्हे. एकीकडे सरकार अर्ध्या गुंठ्यासाठी पैसे देत होते, दुसरीकडे सरकारचाच कायदा दहा गुंठ्यांखाली नोंदणी होऊ देत नव्हता! अखेर मार्च २०२४ च्या नियमांनी विहीर व शेतरस्ता यांबरोबर ग्रामीण घरकुलांच्या लाभार्थ्यांना हजार चौरस फुटांपर्यंतच्या तुकड्याची, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने, सवलत दिली. म्हणजे लहान भूखंडाची गरज खरी आहे, हे सरकारने मान्य केले. पण ती केवळ यादीतल्या लाभार्थ्याचीच खरी आहे आणि यादीत नसलेल्या एसटी वाहकाची खोटी आहे, असे का मानायचे, याचे उत्तर त्या नियमांत सापडत नाही.

हा घोळ केवळ आपलाच आहे असे नव्हे. इंडोनेशियात जकार्ताभोवतीच्या बेकासी, देपोक, तांगेरांग या पट्ट्यांत कामगार आणि कारकून वर्ग असाच शेताकडेचा भूखंड शोधत फिरतो. अशा भूखंडाला तेथे 'कावलिंग' म्हणतात. शब्द डच अमदानीतला. तेथेही दलाल मूळ जमिनीचे एकच प्रमाणपत्र दाखवून तिचे पन्नास तुकडे विकतो आणि प्रत्येकाचे स्वतंत्र प्रमाणपत्र 'लवकरच' होणार असते. तेथेही जुन्या सारापावतीला, 'गिरिक'ला, लोक पिढ्यान्‌पिढ्या मालकीचा कागद समजत आले; आपल्या नमुना आठची ही थेट भावंडे. १९६० च्या कृषिविषयक मूलभूत कायद्याने तेथे नोंदणीकृत हक्काची चौकट घातली, तरी ही समजूत साठ वर्षे टिकली. फरक पडला तो पुढे. नोंदणीची मोठी पद्धतशीर मोहीम हाती घेऊन तेथील सरकारने गावेच्या गावे मोजली, आणि २०२१ च्या विनियमाने सांगितले की, असे जुने कागद पाच वर्षांच्या आत नोंदवून घ्या, त्यानंतर ते हक्काचा पुरावा म्हणून चालणार नाहीत. ही मुदत फेब्रुवारी २०२६ पर्यंतची होती. तेथील अंमलबजावणीत भ्रष्टाचार नाही वा गोंधळ नाही असे कोणी म्हणणार नाही. परंतु आधी मोजणी, मग मुदत, हा क्रम तेथे धरला गेला. आपण आधी मुदत जाहीर करतो आणि मोजणीसाठी अर्जदाराला भूमी अभिलेख कचेरीत 'क' प्रतीची वाट पाहत बसवतो.

मोजणीच्या बाबतीत महाराष्ट्र मागासलेला आहे असेही नाही. ड्रोनने गावठाण मोजून प्रत्येक घराला मालमत्ता पत्रक देण्याचा प्रयोग पुरंदर तालुक्यातील सोनोरी येथे झाला. एप्रिल २०२० मध्ये देशभर सुरू झालेल्या 'स्वामित्व' योजनेच्या आधीचा तो होता. मात्र या योजनेची दृष्टी गावठाणापुरती आहे. गावठाणाच्या आतल्या घराला पत्रक मिळाले. त्याच्या भिंतीला लागून, शेतजमिनीवर उभ्या असलेल्या घराला ते मिळत नाही. खरा गोंधळ तर त्या भिंतीच्या बाहेर आहे. तोच ड्रोन आणखी अर्धा मैल फिरवला असता, तर कोणत्या गटात किती घरे, कोणता रस्ता किती फुटांचा, कोणता पाट कोठे बुजला, हे एका दिवसात दिसले असते.

उपाय नवे शोधण्याची गरज नाही. गावठाण विस्तार ही कल्पना आपल्या महसूल कायद्याला चांगली परिचित आहे. लोकसंख्या वाढली की गावालगतची जमीन घ्यावी, तीत लहान भूखंड पाडावेत, रस्ते व गटारे आधी आखावीत आणि मग भूखंड द्यावेत, असा तिचा साधा आशय. तो मागे पडला, कारण जमीन घ्यायला पैसा लागतो आणि शेतकरी जमीन द्यायला राजी नसतो. येथे एक आक्षेप रास्तच येईल. नाशिक शहरालगत मखमलाबाद शिवारात नगररचना योजनेचा प्रयत्न झाला, तेव्हा शेतकऱ्यांनी त्याला कडवा विरोध केला. सरकार जमीन घेते, योजना रखडते आणि शेतकरी ना शेतकरी राहतो ना भूखंडाचा धनी, ही त्यांची भीती अनुभवातून आलेली होती. उलट बाजूस, पुण्याजवळ हडपसरला मगरपट्ट्यातल्या शेतकऱ्यांनी स्वतःच आपली सुमारे चारशे एकर जमीन एकत्र केली आणि ती विकून मोकळे होण्याऐवजी तिच्यात भागीदार राहून नगर वसवले. पुण्याच्या दारातली ती जमीन आणि मोसमकाठची ही, यांची तुलना भावात होणार नाही हे खरे. परंतु चार शेजाऱ्यांनी बांध बाजूला ठेवून दोन एकरांचे एकच रेखांकन करावे, रस्ता चौघांच्या जमिनीतून सारखा काढावा, आणि ग्रामपंचायतीने त्या बदल्यात आकार व मोजणी यांचा भार उचलावा, एवढे नामपूरच्या ऐपतीबाहेरचे नाही. फडाच्या पाण्याचे वाटप पिढ्यान्‌पिढ्या सामाईक शिस्तीने करणाऱ्या खोऱ्यात रस्त्याचे वाटप अशक्य आहे, असे कोणी म्हणू नये.

त्याबरोबर विकणाऱ्यावरची जबाबदारीही ठरवली पाहिजे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने पाचशे चौरस मीटरहून मोठ्या प्लॉटिंगला नोंदणी सक्तीची केली, पण 'नियोजन क्षेत्रा'तल्या. ज्या शिवाराची योजनाच झालेली नाही तेथे हा कायदा पोहोचत नाही, आणि दलालाला ते पक्के ठाऊक असते. तुकडा विकणाऱ्याने जागेवर किती फुटांचा रस्ता सोडला हे नकाशासह लिहून दिल्याखेरीज दस्त नोंदला जाऊ नये; ग्राम महसूल अधिकाऱ्याने, म्हणजे २०२४ पर्यंत ज्याला तलाठी म्हणत त्याने, फेरफार धरताना तो रस्ता गाव नकाशावर उमटवावा; आणि ग्रामपंचायतीने नमुना आठच्या उताऱ्यावर ठळक अक्षरांत छापावे, की हा मालकीचा पुरावा नाही. या शेवटच्या गोष्टीला तर छापखान्याच्या शाईखेरीज काहीच लागत नाही.

अध्यादेशाची शेवटची तारीख १५ ऑक्टोबर २०२४ ही आहे. त्यानंतरही कांद्याचे भाव पडले आहेत, मुलींची लग्ने ठरली आहेत, शिक्षकांच्या बदल्या झाल्या आहेत आणि नामपूरच्या शिवेवर दगड रोवले गेले आहेत. त्या तारखेनंतर सामाईक खरेदीत नाव घातलेला किंवा साठेखतावर सही करून पैसे मोजलेला माणूस आज पुन्हा त्याच जागी उभा आहे, जेथे १९६५ नंतरचा खरेदीदार उभा होता. दलाल त्याला समजावतो की, काही काळजी करू नका, सरकार पुन्हा तारीख वाढवील. पंचवीस, पाच आणि शून्य हा हिशेब ज्याने पाहिला आहे, त्याला हे पटायला वेळ लागत नाही. तो विसाराची रक्कम मोजतो आणि पायाचे दगड केव्हा टाकायचे, ते विचारतो.